आजार लागल्याचे पेढे

दबोराने उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून उचललं. धडधाकट उंदीर असा उचलला की शेपटी ताठ करतो, बोटाला वेढा घालू पाहतो. याची शेपटी ओल्या सुतळीसारखी लोंबत राहिली. तिने त्याला जाळीवर सोडलं. पुढचे पाय चालू लागले आणि मागचे दोन त्यांच्यामागून फरफटत आले. हा शेवटचा पिंजरा होता. आता एकही उंदीर नीट चालणारा उरला नव्हता.

तिला किळस आली. उंदरांची नव्हे, त्यांच्या मुताचा उग्र वास, भुसा, लेंड्या हे सगळं आता अंगवळणी पडलं होतं. किळस आली ती स्वतःची, कारण शेवटची शेपटी लोंबलेली पाहून तिला क्षणभर हायसं वाटलं होतं.

कुरकुंभच्या या प्रयोगशाळेत मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध तपासायचं होतं. पण उंदरांना हा आजार आपणहून होत नाही. तो आधी करावा लागतो. नसांवरच्या आवरणातला एक अंश तेलात घोटून उंदराच्या कातडीखाली टोचायचा, मग त्याचं शरीर स्वतःच्याच नसांना वैरी समजू लागतं आणि मेंदूला, मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज येते. गेल्या खेपेला निम्म्या उंदरांना काही झालंच नाही. ते मजेत खात-पीत फिरत राहिले आणि सगळी मेहनत वाया गेली. तेव्हा सुदर्शन सर त्या ठणठणीत उंदरांवर असे चिडले होते, की जणू त्यांनी कामचुकारपणा केला.

आज मात्र सर बाहेरच्या खोलीत पेढ्यांचा डबा उघडून उभे होते. पिंजरे धुणाऱ्या रंगुबाईने पेढा घेताना विचारलं, कुणाचं लगीन ठरलं का. सर मोकळेपणाने हसले.

“तोंड गोड करा, दबोरा. सगळ्यांना लागलंय. उद्यापासून औषध सुरू.”

दबोरानेही हसून पेढा घेतला. हात साबणाने तीनदा धुतले होते तरी बोटांना तो वास होताच. दोन डबे होते, त्यातला न उघडलेला सरांनी तिच्या हातात दिला, भावाला द्या म्हणाले. सर वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. वाईट असते तर तिला त्यांची सरळ शिसारी आली असती. मघाचा पेढा तिने मोरीत थुंकला आणि वर पाणी ओतलं.

दौंडकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. खिडकीतून फेकून द्यावा असं दोनदा मनात आलं. पायाला भिंगरी असलेला भाऊ, दावीद, तिला आठवला, गाड्यांचं वायरिंग करणारा, बॉनेटमध्ये डोकं खुपसून गाणारा. मग हाच आजार त्याला झाला, बोटं बधिर झाली, एका डोळ्यापुढे धूर आला आणि आता त्याचा डावा पाय जमिनीवरून ओढला जातो. रोज पिंजऱ्यासमोर तिला तोच पाय दिसायचा. पेढा घेताना आपणही हसलो, हे मात्र तिला सहन होईना. नोकरी सोडायची, हे बस फाटकाशी थांबेपर्यंत ठरलं होतं. घरी आजच सांगायचं.

अडचण एकच होती. दावीद त्या नोकरीवर जगत होता. पगारावर नव्हे. रोज संध्याकाळी तो विचारायचा, औषध कुठवर आलं. दवाखान्यात रोगी येतात तसे उंदीर आजारीच येत असावेत, असा त्याचा समज होता आणि तिने तो कधी खोडला नव्हता.

डबा पाहून आई हरखली. ती शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली. प्रार्थनेशिवाय घासही तोंडात घालायची नाही, मग गोडाचं तर बोलायलाच नको. तिने डबा टेबलावर मधोमध ठेवला.

“कशाचं पेढं हायती?” दावीदने विचारलं.

दबोराने सांगितलं. काही म्हणता काही गाळलं नाही. तेल, सुई, लोंबणारी शेपटी, फरफटणारे पाय, आणि सगळे लुळे पडले म्हणून वाटलेले पेढे. त्यालाही किळस यावी, त्यानेच म्हणावं, ताई, सोड ती नोकरी, म्हणून तिने ते मुद्दाम ओंगळ करून सांगितलं. आईने तोंडाला पदर लावला.

दावीदने तोंड भिंतीकडे वळवलं.

“मागचंच पाय जात्यात का, ताई?”

“आधी शेपटी. मग मागचे पाय.”

“आन् त्यांला कळतं?”

“माहीत नाही, दावीद.”

त्याने मान हलवली. मग खुर्चीत जरा सरळ बसला आणि म्हणाला, “आई, आज प्रार्थना मी करतो.”

तिघांनी डोळे मिटले. दबोराने लगेच उघडले. दावीद हात जोडत होता. उजव्या हाताने डाव्याची वळत नसलेली बोटं एकेक करून वाकवत होता.

“हे स्वर्गातल्या बापा, ते उंदीर तूच घडवलेस. त्यांचे पाय गेले म्हणून तुझे उपकार मानायची मला लाज वाटती. तरी मानतो.” तो थांबला. “पुढच्या खेपेलाबी सगळ्यांना लागू दे. आन् ताईला तिथनं हलू देऊ नको. ती आज सोडायचं ठरवून आलीया, मला दिसतंय. येशूच्या नावानं मागतो.”

आई आमेन म्हणाली.

दावीदचे डोळे अजून मिटलेलेच होते. तो आणखी एका आमेनसाठी थांबला होता. दबोराने त्याच्या पायाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

“आमेन,” ती म्हणाली, आणि त्याची बोटं उघडून त्यांत पेढा ठेवला.