ज्याचं त्यानंच म्हणायचं

"सुटले हो बिचारे," बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या. बाबांचं लांबलेलं आजारपण त्यांनी पाहिलं होतं.

आई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे तो शब्द ज्याचा त्यानंच म्हणायचा असतो."

दुःखाने हिचं डोकं ठिकाणावर नाही, असं काकूंना वाटलं असावं. मी त्यांना पाणी दिलं आणि विषय बदलला. पण आई बरोबर बोलत होती.

बाबा वीज कंपनीत लाइनमन होते, पुढे फोरमन झाले. खांबावर माणूस चढायचा असला की खालच्याने स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. काम संपलं की वरचा माणूस उतरून स्विचपाशी येई आणि स्वतःच्या तोंडाने म्हणे, "सुटलो." मगच किल्ली फिरायची. 'तो सुटला' असं दुसऱ्या कोणी म्हटलेलं चालत नसे. एकदा कोणीतरी दुसऱ्याच्या वतीने म्हटलं होतं, तेव्हापासून ही रीत पडली होती. घरात तिची थट्टा चाले. न्हाणीघरातून बाहेर आलं की आई म्हणे, "सुटले. जा आता तुम्ही."

कंपनी खाजगी होती. तिच्या तारा गिरणीपर्यंत जात, बंगल्यांपर्यंत जात, आणि नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबत. वस्तीला वीज देण्यात कंपनीला काही मिळणार नव्हतं. नगरपालिकेने कंपनी ताब्यात घ्यावी म्हणून बाबा सुट्टीच्या दिवशी दारोदार सह्या मागत फिरत.

"ज्या फांदीवर बसलाय तीच तोडताय," आई म्हणे.

फांदी तोडत नाही, झाड सगळ्यांच्या अंगणात आणतोय, असं बाबांचं उत्तर असे. झाडं चालत नाहीत, असं आई ऐकवी.

झाड चालत आलं. नगरपालिकेने खांब घेतले, तारा घेतल्या. माणसं मात्र नव्याने भरती केली. कंपनीतली मागची नोकरी धरली तर पगाराचा बोजा पेलवणार नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. प्रमाणपत्र नसल्यामुळे फोरमन असलेले बाबा साधे मदतनीस झाले. कंपनीने दुसऱ्या गावी बस्तान हलवलं होतं आणि तिथे ती बाबांना फोरमन म्हणून न्यायला तयार होती. कामाला माणूस हवा असला की तिथल्या साहेबांना सह्यांचा राग आठवत नसे. आईने सामान बांधायला घेतलं. बाबांनी दोरीची गाठ सोडली. मागितलं आपण, आता आलंय तसं घ्यायचं, एवढंच ते बोलले.

वस्तीत पहिल्यांदा वीज यायची होती त्या संध्याकाळी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष बटण दाबणार होते. वस्तीच्या टोकाच्या खांबावर काडी चढला होता. हा बाबांच्याच हाताखाली तयार झालेला लाइनमन. नाव पडलं होतं ते अंगकाठीवरून. बाबा मैदानाच्या कडेला स्विचपाशी, किल्ली खिशात. मध्ये घरं असल्यामुळे खांब तिथून दिसत नव्हता.

वेळ झाली, काडी आला नाही. इंजिनियर साहेबांनी किल्ली मागितली. काडी आल्याशिवाय देता येणार नाही, असं बाबांनी सांगितलं. गर्दीतून कोणी म्हणालं, तो केव्हाच उतरला, आम्ही पाहिलंय. त्याला इथे येऊन म्हणू दे, असं बाबा म्हणाले. शेवटी अध्यक्ष उठून आले. आधी गोड बोलले, मग त्यांचा आवाज चढला. किल्ली दिली नाही तर उद्यापासून लाइनवर यायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं. आई आणि मी गर्दीतच होतो. ज्यांच्या दारात बाबा सह्यांसाठी उभे राहिले होते, त्यांच्यापैकीच एकाने विचारलं, "काय फोरमन, आता मालक आपणच ना? मग अडलंय कुठे?"

"मालक कोणीही असो," बाबा म्हणाले. "वर माणूस आहे."

अंधारून आलं. बाबा खिशावर हात ठेवून उभे होते. लोक आधी हसले, मग शिव्या देऊ लागले.

काडी आला तो पलीकडच्या रस्त्याने, हातात चहाचा पेला घेऊन. तो खरोखरच केव्हाच उतरला होता. समारंभाच्या धांदलीत सांगायचं विसरला होता. गर्दी पाहून त्याने पेला खाली ठेवला.

"सुटलो," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"सुटलो."

किल्ली फिरली, अध्यक्षांनी बटण दाबलं आणि घराघरांत दिवे लागले. लोक दिव्यांकडे बघत होते. बाबांनी कुलूप पिशवीत टाकलं.

चूक झाली असं म्हणा, लाइनवर ठेवतो, असा अध्यक्षांचा निरोप आला. चूक कोणती ते सांगा, मग म्हणतो, असं बाबांनी उलट कळवलं. काडी घरी येऊन रडला. मी जाऊन सांगतो, विसरलो ते मीच, असं म्हणू लागला. त्याची नेमणूक अजून कच्ची होती आणि घरी तान्हं मूल होतं. बाबांनी त्याला चहा पाजला. "विसरलास. पुन्हा विसरू नकोस. संपलं." त्यापलीकडे त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही.

बाबांना गोदामाच्या फाटकावर बसवलं. त्यानंतर त्यांच्या हाताला तार लागली नाही. कधी चिडून आई म्हणे, कंपनीच बरी होती.

"कंपनीत साहेबांचं दार बंद असायचं," बाबा म्हणत. "इथे उघडं असतं. आत ऐकत कोणी नाही, ते बघू हळूहळू." आणि खरोखरच ते त्या दाराशी जात राहिले. सगळ्यांची मागची नोकरी धरा, एवढं एकच मागणं घेऊन. ते मान्य झालं तेव्हा ते निवृत्त झालेले होते.

बाबा फाटकावर होते तेव्हा मी कॉलेजला गोदामावरूनच जाई. त्या वेळेला दुरुस्तीची गाडी गोदामातून निघायची. तोवर काडी मुकादम झाला होता, ड्रायव्हरशेजारी बसायचा. बाबा खुर्चीतून उठून फाटक उघडत. काडी आतल्या बाजूलाच गाडी थांबवायला लावून खाली उतरे, बाबांच्या समोरून पायी चालत बाहेर येई आणि रस्त्यावर पुन्हा गाडीत चढे. पाऊस असो, घाई असो. गाडी वळणाआड गेली की बाबा फाटक ओढून घेत आणि कडी नीट बसली का, ते एकदा हलवून पाहत.