उत्तरेचं छप्पर

आमच्या जियू खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरांना आता दुसरं काहीतरी शिकवायला हवं. मी भूगोल शिकवते; माझे आठवड्याला दोन तास कमी भरत होते, म्हणून मुख्याध्यापक कोर्नेलियू सरांनी 'हरित कौशल्ये' हा नवा विषय माझ्या गळ्यात मारला. म्हणाले, "हवामान म्हणजे भूगोलच की, झाम्फिराबाई!"

पहिल्याच तासाला मी फळ्यावर तापलेली पृथ्वी काढली. मागच्या बाकावरून ओझाना म्हणाली, "बाई, म्हणजे माझ्या आजोबांनी जग जाळलं आणि शिक्षा म्हणून बाबांची नोकरी गेली, असंच ना?"

वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हणाले, "पान बारा उघडा." लाज वाटली, पण दुसरं काही सुचलं नाही.

महिन्याभरात राजधानीतून आठ सोलर पॅनेल आली. सोबतचं माहितीपुस्तक जर्मन भाषेत. मी थेट पेत्राकेंना गाठलं. खाणीत चौतीस वर्षं वायरमन होते, आता दिवसभर दुकानासमोर पत्ते कुटतात.

"हवामानाचं मला सांगू नका बाई," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी जमिनीखाली होतो. तिथे हवामानच नव्हतं."

"हवामान राहू द्या. वायरी जोडायच्यात."

"मग आधी तसं बोला की."

पोरांना त्यांनी कामाला लावलं. ओझानाचा हात सगळ्यांत सफाईदार. "पोरी, तू खाणीत हवी होतीस," असं ते तिला म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

मग सर आले. पॅनेल रस्त्याकडच्या छपरावर लावा म्हणाले, म्हणजे उत्तरेला.

"सर, त्या बाजूला ऊन येत नाही," ओझाना म्हणाली.

"मागे काय आहे? गटार आणि शिपायाच्या कोंबड्या! राजधानीतून तपासणीला येणाऱ्या बाईंना काय दाखवायचं?"

"वीज," पेत्राके म्हणाले.

सरांना ते ऐकू आलं नाही. पॅनेल उत्तरेला लागली. ओझाना रोज मीटर बघून दारावर खडूने लिहायची: 'आज पावाची एक चकती भाजेल. एकाच बाजूने.' सर रोज पुसायचे. मग तिने एक पॅनेल उतरवून खुराड्यावर तिरपं टेकवलं आणि आठवडाभर आकडे टिपले. ते एकटं वरच्या चारांना भारी पडत होतं. वही घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

शनिवारी सुट्टी असूनही सकाळी अख्खा वर्ग शिड्या घेऊन शाळेत हजर. मी त्यांना घरी पाठवायला हवं होतं. त्याऐवजी मी खाली दोर धरून उभी राहिले. संध्याकाळपर्यंत आठही पॅनेल मागच्या, दक्षिणेच्या छपरावर, आणि माझ्या तळहातांची सालटं निघालेली.

सोमवारी तपासणीच्या बाई आल्या. सर रस्त्यावर उभे राहून, छपराकडे पाठ करून, हात वर करत म्हणाले, "हे पाहा आमच्या शाळेचं भविष्य!"

वर नुसती स्क्रूंची भोकं.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"मागे, कोंबड्यांपाशी," ओझाना म्हणाली.

बाई चिखल तुडवत मागे आल्या. पॅनेल पाहिली, वही पानन् पान वाचली. मग विचारलं, "आधी चुकीच्या बाजूला कुणी लावली होती?"

सरांचे कान लालेलाल. ओझानाने तोंड उघडलं, तेवढ्यात पेत्राके खाकरले.

"मी. म्हातारा झालोय, दिशा कळत नाहीत."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सरांच्या कानांकडे, आणि काही न लिहिता कागद मिटला.

त्या गेल्यावर ओझाना भडकली. "खोटं का बोललात, काका? सर चांगले सापडले होते ना!"

"आणि मग? व्यायामशाळेचं छप्पर अजून रिकामं आहे. त्याची परवानगी कोण देणार, तुझी आजी?"

ओझाना रागाने दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती व्यायामशाळेच्या छपराचा अर्ज घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी मान वर न करता सही केली. बाहेर आल्यावर ती अर्ज उन्हात धरून बराच वेळ बघत उभी होती. मग शिडी आणायला गेली.