दिव्यांची उघडझाप

मिस्त्रींच्या मोठ्या लेकीला पहिली मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. बाळंतपणासाठी मिस्त्रींची बायको मोठीच्या घरी राहायला गेली आणि इकडे उरले दोघे, मिस्त्री आणि धाकटी ठकी. ठकीची वेणी घालायचं काम पहिल्यांदाच मिस्त्रींच्या गळ्यात पडलं.

"आई गं! बाबा, केस आहेत ते, वायर नाही."

"वायर असती तर केव्हाच जोडून झाली असती. मान सरळ धर."

"सरळच आहे. माझ्याकडे एवढीच सरळ मिळते."

मिस्त्री हसले, आणि हसल्याचं लगेच त्यांना वाईट वाटलं. ठकी पंचविशीची होती. स्नायूंचा आजार. आधी पाय गेले, मग दंड गेले. आता जोर उरला होता तो अंगठ्यांत आणि एकदोन बोटांत. जीभ मात्र शाबूत होती, आणि गेलेल्या अवयवांचंही काम ती एकटी करायची.

आदल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी दोघा नवराबायकोला आत बोलावलं होतं. पुढे काय, किती, हे विचारलं ते बायकोने. मिस्त्री तेवढ्यात "आलोच" म्हणून बाहेर सटकले. बाहेरच्या खोलीत नंबर दाखवणारा पडदा होता, त्याचा एक कोपरा अंधारला होता. त्याच्यापुढे ते उभे राहिले आणि आतली दिव्यांची पट्टी सुटली असणार, चार टाके मारले की काम होईल, असं मनाशी ठरवत बसले. बायको डोळे पुसत बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तेव्हापासून त्या घरात ती गोष्ट बायकोला ठाऊक होती, ठकीला ठाऊक होती, आणि मिस्त्रींना ती ठाऊक नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं होतं.

मिस्त्रींचं दुकान मॉनिटर दुरुस्तीचं. ठकीच्या टेबलावरचा मॉनिटर त्यांनी स्वतः उभा केलेला. एका गिऱ्हाइकाचा पडदा धड पण आतले दिवे गेलेले, दुसऱ्याचा पडदा फुटलेला पण दिवे धडधाकट. दोघांनीही आपापली वस्तू दुकानातच सोडून दिली. मिस्त्रींनी दोन मढ्यांतून एक जिवंत केला. खास गेम खेळायचा, वेगाचा मॉनिटर. त्यांनी उजेड अर्ध्याच्या खाली आणून ठेवला आणि मागचं बटण दाबून धरून मेनूला कुलूप घातलं, म्हणजे कोणी सहज म्हणूनही वाढवू नये. घरी कोणी आलं की त्याच्या कडेवरून हात फिरवत म्हणायचे, "याला आता दहा वर्षं बघायला नको."

ठकी गाड्यांच्या शर्यती खेळायची. चाकाच्या खुर्चीत, मांडीवर उशी, उशीवर गेमचा कंट्रोलर, त्याच्यावर दोन अंगठे. तिचा जोडीदार कुठल्यातरी दुसऱ्या शहरातला, नाव कावळा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. अर्धी शर्यत त्याने पळवायची, अर्धी हिने. भांडणं मात्र सख्ख्या भावंडांसारखी.

"ठके, वळण दिसलं नाही का तुला? भिंतीत घातलीस गाडी!"

"दिसलं रे. दिसलं तेव्हा भिंत पण दिसली."

खोट होती ती अशी. गाडी वेगात असली की वळणाची पाटी पडद्यावर पुसल्यासारखी व्हायची, ओल्या शाईवर बोट फिरावं तशी. बाण डावीकडचा की उजवीकडचा, हे कळेपर्यंत वळण अंगावर आलेलं असे. धडधाकट माणूस ऐन वेळी झटका देऊन सावरतो. ठकीच्या अंगठ्याला निरोप पोचायलाच उशीर व्हायचा.

याच्यावर उपाय त्या मॉनिटरमध्येच होता. तो चालू केला की आतले दिवे सतत जळत नाहीत. प्रत्येक चित्रासरशी लखकन लागतात आणि विझतात, आणि मधल्या अंधारात पडदा पुढचं चित्र मांडून घेतो. उघडझाप इतकी जलद की डोळ्याला कळत नाही, पण धावती वस्तू जागच्या जागी धरून ठेवल्यासारखी स्वच्छ दिसते. फुकट मात्र काही नसतं. दिवे बराच वेळ विझलेले, म्हणून पडदा काळपट दिसतो. ते भरून काढायला उजेड वाढवावा तर प्रत्येक वेळी लागताना दिव्यांवर जास्त भार. त्यात काहींचं डोकंही दुखतं.

"बाबा, ते लावून द्या ना. मागच्या बटणापर्यंत माझा हात जात नाही."

"त्याने दिवे लवकर जातात."

"किती लवकर?"

"ते काय खोक्यावर छापून येतं होय? पण जातात. माझ्या दुकानात येऊन बघ किती पडलेत."

"तुमच्या दुकानात मेलेलेच येणार ना बाबा. चालता मॉनिटर घेऊन कोण येईल, नमस्कार करायला?"

"बघू," मिस्त्री म्हणाले. त्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता, हे ठकीला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी शर्यतींच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. कावळा आणि ठकी रडतखडत तिच्यापर्यंत पोचले होते. आजवर इतक्या वर ती कधी गेली नव्हती.

दुकानाच्या शेजारी चष्मेवाला होता, मिस्त्रींचा जुना दोस्त. दुपारी दोघे एकाच डब्यात जेवायचे. मिस्त्रींनी त्याला सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "मी म्हणतो, चांगली वस्तू हातानं का मारायची?"

चष्मेवाल्याने घास संपवला. "तुझ्या घरच्या सोफ्याचं प्लास्टिक काढलंस का रे?"

"नाही."

"सोफा कसाय मग?"

"नवा कोरा."

"बसतं कोण त्याच्यावर?"

"कोणी नाही. गरम होतं."

 डबा झाकून चष्मेवाला आपल्या दुकानात गेला. मिस्त्रींना त्याचा भयंकर राग आला, आणि रागाच्या भरात त्यांनी त्याच जातीचा एक मॉनिटर टेबलावर पालथा घातला, पाठ उघडली आणि ती उघडझापीची सोय चालू केली. उजेड वाढवला नाही, होता तेवढाच ठेवला. तास-दीड तास तसाच चालू दिला, मग पट्टीच्या मागच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा कोमट होता. रोजच्यापेक्षा तसूभर जास्त नाही. उलट विझलेल्या वेळात दिवे निवतात, हे त्यांना कळायला हवं होतं. इतकी वर्षं त्याच धंद्यात होते. फार उजेडाच्या मागे लागलं नाही तर आयुष्य कमी होऊन होऊन किती होणार?

म्हणजे दिव्यांचं कारण संपलं. तरी घरी येऊन त्यांनी बटणाला हात लावला नाही. चहा केला, ठकीला मानेला आधार देऊन घोट घोट पाजला, चादर बदलली. कारण एक उरलंच होतं, पण ते तोंडावाटे काढण्यासारखं नव्हतं. मॉनिटर दहा वर्षं टिकायचा म्हणजे दहा वर्षं त्याच्यासमोर कोणीतरी बसलेलं असायचं. एवढ्या एका हिशेबावर मिस्त्री रोज दुकान उघडत होते.

शनिवारी सकाळी सरावाची शर्यत झाली आणि ठकीने पुन्हा गाडी भिंतीत घातली. कावळ्याचा आवाज स्पीकरवरून घरभर ऐकू येत होता. आज तो ओरडला नाही. म्हणाला, "काका आहेत का तिथं? काका, एक सांगू? रागवू नका. ही आमच्यात सगळ्यांच्या आधी बघते. फक्त बोट मागून येतं. चित्र साफ असेल तर बोटाला वाट चालायला वेळ मिळेल, एवढंच."

"तू तुझी गाडी बघ," ठकी त्याला म्हणाली आणि मिस्त्रींना सांगून आवाज बंद करून घेतला.

 मिस्त्री उगाच टेबल पुसायला लागले.

"बाबा, हा दहा वर्षं टिकवून कोणाला देणार आहात?"

"कोणाला म्हणजे? तुलाच."

"मला उद्या पाहिजे."

मिस्त्री फडकं हातात धरून उभे राहिले. ठकीने मान वळवायचा प्रयत्न केला, जमली तेवढी वळवली.

"आईनं डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा तुम्ही बाहेर होतात. मी आईकडून काढून घेतलं. तुम्हाला सांगू?"

"नको."

"बरं, नाही सांगत. पण मग लावून द्या."

मिस्त्री मॉनिटरच्या मागे गेले. बटण दाबून धरलं, पण वेळेवर सोडायचं सुचलं नाही, त्यामुळे कुलूप दोनदा निघून पुन्हा बसलं. तिसऱ्यांदा निघालं. त्यांनी ती सोय लावली. पडदा एकदम काळवंडला.

"अंधारलं की," ठकी म्हणाली.

"उजेड वाढवायचा नाही. थांब." त्यांनी खिडकीवर जाड चादर ठोकली. खोली अंधारली तसा पडदा उजळ वाटायला लागला. मग पुढचं काम. आता चित्रं एका ठेक्यात यायला हवी होती. अडखळली की त्यांना सावरून घेणारी दुसरी एक सोय असते, ती या दिव्यांच्या उघडझापीबरोबर चालत नाही. ठेका चुकला की एकाच्या दोन गाड्या दिसतात. म्हणून संगणकावरचा बोजा कमी करावा लागणार होता.

"झाडं काढावी लागतील. आणि सावल्या, ढग."

"झाडं न्या, ढग न्या. रस्ता तेवढा ठेवा."

ठकीने गाडी सोडली. पहिलं वळण आलं. मिस्त्रींनीही पाहिलं, पाटी पुसली गेली नाही. पिवळ्या पाटीवरचा काळा बाण, त्याच्या खालचे खिळेसुद्धा दिसले. ठकीचा अंगठा निघाला, आपल्या गतीने गेला आणि वेळेवर पोचला.

"बाबा! खिळे दिसले!"

"दिसले गं. पुढं बघ."

रविवारी दुपारी शर्यत झाली. ठकीने आपला अर्धा भाग एकदाही भिंतीला न लावता काढला आणि गाडी पुढे काढून कावळ्याच्या हाती दिली. नंतर कावळ्याने शेवटच्या वळणाला घाई केली आणि गाडी भिंतीत घातली. दोघे हरले. कावळा स्पीकरवर रडायच्या बेताला आला होता आणि ठकी त्याला हसत होती.

"आता कळलं भिंत कशी दिसते?"

मिस्त्रींनी खिडकीवरची चादर काढली, तसे तिने डोळे गच्च मिटले. "डोकं ठणकतंय," ती म्हणाली. "पण काय दिसलं, बाबा." त्यांनी तिच्या कपाळावर गार पाण्याची घडी ठेवली आणि मॉनिटर बंद केला. पुढे तसंच ठरलं. शर्यतीपुरतं लावायचं, मग काढायचं, मग घडी.

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. नात दूध नीट पिते, मोठी चालायला लागली, सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "ठकी काय म्हणत होती ते लावून दिलंत म्हणे?"

"दिलं."

"दिवे जातील म्हणत होतात."

"जाऊ देत."

पलीकडे नात रडायला लागली. तिला खांद्यावर घेत बायको म्हणाली, "वेणी घालता ना रोज?"

"घालतो. वाकडी होते."

"होऊ दे. मी येते आता लवकर."

पुढे कितीतरी दिवसांनी एक बाई दुकानात आल्या. मुलाने गेमचा मॉनिटर घेतला होता आणि ती उघडझापीची सोय लावायची की नाही यावरून घरात वाद चालला होता. बाईंना पक्कं उत्तर हवं होतं. "मिस्त्री, खरं सांगा, त्यानं आयुष्य कमी होतं का हो?"

मिस्त्रींनी हातातलं काम खाली ठेवलं. उजेड बेताचा ठेवावा, डोकं दुखलं तर थांबावं, हे सांगितलं. मग म्हणाले, "होत असेल थोडं कमी. लावू द्या त्याला."

ठकी त्याआधीच गेली होती. तिच्या छातीत कफ साठला आणि तो बाहेर काढायचा जोर तिच्यात उरला नव्हता. आई परत आली होती, बाबा उशाशी होते. ऑक्टोबरची सतरा तारीख, गुरुवार, सकाळची वेळ होती.