ओट्यावरच्या तीन पाकळ्या

"आईचे कान गेलेत, तुम्हाला माहीत नाही?"

तेजस्विनी दारात उभी राहून मलाच विचारत होती. रविवार होता आणि मी आठवड्याच्या उपम्याचा रवा एकदम भाजून ठेवत होते. तेजस्विनी ही शेजारच्या कांतामावशींची मुलगी. लोणी काळभोरहून आईला भेटायला आली होती, आणि आमचा डबा परत द्यायला डोकावली होती.

"गेलेत म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही. वर्ष झालं. डॉक्टर मशीन लावा म्हणाले, तर म्हणते, आता नवीन काय ऐकायचं राहिलंय? अहो, रवा करपतोय तुमचा."

रवा करपलाच. त्याचं मला काही वाटलं नाही. मला दिसत होता तो कुकर.

मी एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. सकाळी सहा दहाला घर सोडते. माझा नवरा बुद्धभूषण रांजणगावहून रात्रपाळी करून साडेसहाला येतो, मुलांना उठवतो, डबे भरतो आणि पाच वर्षांच्या सम्यकला शाळेत, तीन वर्षांच्या सुजाताला पाळणाघरात सोडून मग झोपतो. मधली वीस मिनिटं घरात दोन झोपलेली मुलं आणि गॅसवर कुकर. त्या वीस मिनिटांसाठी आमची एक किल्ली कांतामावशींकडे असते. भिंतीला लागून भिंत. पलीकडून शिट्ट्या मोजायच्या, तिसरी झाली की येऊन गॅस बंद करायचा आणि बुद्धभूषण येईपर्यंत मुलांपाशी बसायचं, असं दोन वर्षांपूर्वी ठरलं. ठरवलं मावशींनीच. मी फक्त मान हलवली होती.

आणि त्या बाईला वर्षभर शिट्टीच ऐकू येत नव्हती!

खरं तर माझं स्वयंपाकघर चालतं ते त्यांच्याच युक्त्यांवर. भोसरीतल्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर अठ्ठावीस वर्षं काढून त्यांनी तीन मुलं वाढवली. सुजाता झाल्यावर मी कामावर रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ओट्याशी रडताना त्यांनी पाहिलं. धीर वगैरे दिला नाही. "रडून झालं की कणीक रात्रीच मळत जा, वरून तेलाचा हात फिरव," एवढंच म्हणाल्या. मग एकेक शिकवत गेल्या. आलं-मिरचीचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि फोडणीत एकेक वडी टाकायची. उरलेलं वरण कणकेत घालून पराठे लाटायचे. आमची मुलं लाल भोपळा दिसला की तोंड फिरवतात, म्हणून तो डाळीतच शिजवून रवीने घोटायचा. "पोटाला रंग दिसत नाही," हे त्यांचं स्पष्टीकरण. दोन्ही मुलं वरण-भाताची ताटली चाटून पुसून ठेवतात.

शिवाय रोज दुपारी घरी आले की ओट्यावर वाटीभर सोललेला लसूण तयार असायचा. वाटीबाहेर, कडेला, तीन पाकळ्या वेगळ्या पडलेल्या. मावशींच्या हातून राहिल्या असतील म्हणून मी त्या वाटीत ढकलत असे.

हे सगळं आठवत होतं, तरी रविवारची ती रात्र मी रागातच काढली. बोलताना त्या टक लावून तोंडाकडे का बघतात, दिवसभर दार उघडं का ठेवतात, सगळ्याचा अर्थ आता लागत होता. एक दिवस कुकर आटला असता, तर? आतल्या खोलीत माझी मुलं होती. किल्ली परत घ्यायची, हे मी ठरवून टाकलं.

सोमवारी कुकर चढवला, बाहेर पडले, एक मजला उतरले आणि तिथेच थांबले. वर माझ्या दाराचं कुलूप लगेच वाजलं. अजून एकही शिट्टी झाली नव्हती. पहिली ऐकली आणि मी दबक्या पावलांनी वर आले.

दार उघडंच होतं. मावशी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर बसल्या होत्या. तिथून एका नजरेत कुकर आणि आतल्या खोलीत झोपलेली मुलं, दोन्ही दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. मांडीवर लसूण, डोळे कुकरच्या शिट्टीवर. हात आपले सोलत होते. ओट्याच्या कडेला एक पाकळी ठेवलेली होती.

"मावशी," मी म्हटलं. त्या हलल्या नाहीत.

शिट्टी उचलली गेली, वाफ फुस्सकन सुटली, घर दणाणलं. मावशींनी वाफ पाहिली आणि पहिल्या पाकळीशेजारी दुसरी ठेवली.

मी खांद्याला हात लावला, तशा त्या दचकल्या.

"अगं, गेली नाहीस? बस चुकेल."

"मावशी, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. मग हळूच पदर सारखा केला. एवढ्या खमक्या बाईचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"कानाने नाही येत," त्या म्हणाल्या. "डोळ्याने येतं. तू गेलीस की लगेच येऊन बसते. एक दिवस चुकले नाही मी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर किल्ली मागितली असतीस."

मी तीच मागायला आले होते. मला मान वर करवेना.

"सकाळी कुणीतरी वाट बघतंय म्हणून उठते गं मी. आता बोलू नकोस, तिसरी चुकेल माझी."

आम्ही दोघी कुकरकडे बघत राहिलो. तिसरी शिट्टी झाली. मावशींनी तिसरी पाकळी ठेवली, उठल्या आणि गॅस बंद केला.

मी त्यांच्या समोर गेले. नीट दिसेल असं, सावकाश म्हटलं, "मावशी, तुमचे फार उपकार आहेत."

"बस गेली तुझी," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मंगळवारी मी ओट्याजवळ खुर्ची ठेवून गेले. दुपारी ती परत बाहेरच्या खोलीत होती. संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "त्या खुर्चीवरून मुलं दिसत नाहीत."

बुधवारी सुजाताची लहानपणची गोधडी चौघडी करून तांदळाच्या डब्यावर ठेवली आणि सहा दहाला निघाले. दुपारी आले तेव्हा वाटीत लसूण होता, गोधडी बसून चेपलेली होती आणि ओट्याच्या कडेला तीन पाकळ्या होत्या. त्या मी वाटीत ढकलल्या नाहीत. संध्याकाळी मावशींना जेवायला बोलावलं आणि त्याच तीन पाकळ्या ठेचून वरणाला फोडणी दिली.