बाकावरची आई

“काकू, तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल,” नवी मदतनीस म्हणाली.

“चालेल म्हणजे? कुणाला चालेल?” असं म्हणून आई बाकावर आणखी ऐसपैस बसली.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातला तो बाक लेक पहिलीत गेली तेव्हापासून आईचाच होता. बिट्टीच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. शाळेने तिच्या चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधून दिला, पण तिला उचलून शौचालयात न्यायला माणूस नव्हता. म्हणून आईचीही रोजची शाळा. शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे तिला ‘बाकावरची आई’ म्हणत आणि तिलाही त्यात मान वाटे. मधल्या सुट्टीत ती लेकीला दोन्ही हातांवर घेऊन निघाली की बाकीच्या मुली भिंतीला चिकटून वाट देत. बिट्टी सहावीत आली, उंच झाली, जड झाली. आईची कंबर कामातून गेली, पण लेकीला उचलायचं तिने सोडलं नाही.

आणि आता ही आली. कालची पोर, पण रीतसर शिकलेली, शाळेने पगारावर नेमलेली. मुली तिला ताई म्हणत. तिची पद्धतच निराळी. खुर्ची कमोडला तिरकी लावायची, ब्रेक ओढायचा, मध्ये एक गुळगुळीत फळी टेकवायची आणि म्हणायचं, “चल, सरक.” बिट्टी दातओठ खात हातांवर जोर देऊन सरके. ताई नुसती शेजारी उभी.

“उभं राहायचा पगार मिळतो का हिला?” आईने जेवताना नवऱ्याला विचारलं.

“अगं, बरं झालं की. तुझ्या कंबरेची तरी सुटका झाली.”

“कंबर माझी आहे. मोडली तरी माझीच मोडेल.”

“ताई म्हणते,” बिट्टी मध्येच म्हणाली, “अख्ख्या वर्गात माझ्याइतके मजबूत दंड कुणाचे नाहीत.”

“आणि ते दंड कुणी पोसले? ताईने?”

बाबा हसले. आईला हसू आलं नाही. हल्ली लेकीचं प्रत्येक वाक्य ‘ताई म्हणते’नेच सुरू व्हायचं. आईच्या पोटात दुखायचं ते तिथेच. आपण त्या पोरीवर जळतो, हे तिला स्वच्छ कळत होतं. कळलं म्हणून जळणं थोडंच थांबतं!

एक दिवस शाळा सुटताना ताईने तिला थांबवलं. “काकू, सकाळी बिट्टीला पाणी देत नाही का तुम्ही?”

“देते की. घोटभर.”

घोटभरच द्यायचं, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत निभतं. बाकावर बसून बसून आईने काढलेली युक्ती होती ती.

“तिचं डोकं दुखतं म्हणाली, ते त्यानेच असेल. आता लागेल तेव्हा जाता येतं तिला. भरपूर पिऊ द्या.”

पोरगी अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलली, त्याचाच आईला जास्त राग आला. रोज संध्याकाळी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिने चेपलं होतं. ते दुखणं आपणच दिलेलं, हे परकीच्या तोंडून ऐकायचं? पण बिट्टी पाणी प्यायला लागली आणि डोकं दुखायचं खरंच थांबलं. दुखणं गेलं, तसं चेपणंही गेलं. संध्याकाळी मांडी रिकामी ठेवून काय करायचं, आईला सुचेना. एकदा घसरू दे त्या फळीवरून, फार नको, जरासं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिने स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

पुढच्या आठवड्यात ती आपली व्हरांड्यातच होती. शौचालयातून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ बिट्टीचं “आई गं!”

आई धावली. रांगेतल्या मुलींना बाजूला सारत तिने दार ढकललं. बिट्टी कपड्यांनिशी फळीवरच होती, एक कोपर भिंतीवर आपटलं होतं, एवढंच. ताईचे हात तिच्या दोन्ही बाजूंना, पण न लागलेले.

“हो बाजूला! उभी राहून बघतेस काय?”

ताईला ढकलून आईने लेकीला उचललं. काखेत हात, गुडघ्यांखाली हात, नेहमीसारखं. बिट्टीचे पाय आता आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. उघड्या दारातून अख्खी रांग बघत होती, आणि कुणीतरी फिसकन हसलं.

बिट्टी रडली नाही. आईच्या खांद्याकडे बघत म्हणाली, “खाली ठेव.”

“लागलं ना बाळा तुला?”

“खुर्चीत ठेव, आई. परत पहिल्यापासून करते मी.”

आईने तिला खुर्चीत ठेवलं. ताईने ब्रेक तपासला, फळी नीट लावली.

“आता दार लाव,” बिट्टी म्हणाली. “बाहेरून. ताई, तू पण जा.”

दोघी बाहेर आल्या. ताईचाही चेहरा उतरला होता. तो बघून आईला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

बिट्टीचा हात आतल्या कडीला पोचत नव्हता. दार आपोआप फटीएवढं उघडलं. आईने ते ओढून घेतलं, दाराला पाठ लावली आणि मागे हात नेऊन दाराची मूठ घट्ट धरली. आतून फळी किरकिरली, थांबली, पुन्हा किरकिरली.

“काकू, अजून किती वेळ?” रांगेतली एक मुलगी म्हणाली.

“लागेल तेवढा,” आई म्हणाली.