अण्णा मजेत आहेत

संचिता मलावीला निघाली त्या दिवशी तिचे वडील, अण्णा, बाळकुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत खाली आले होते. टॅक्सीत बॅगा ठेवताना ते मध्येच तोंडावर रुमाल धरून खोकले. अण्णांचा खोकला घरात तिला किंवा तिच्या भावाला, शौनकला, नवा नव्हता. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती. तरी संचिता नर्स होती, तिने निघायच्या आधी त्यांना एक्स-रे काढायला लावला होता. एक्स-रे ठीक आहे, असं अण्णा म्हणाले. डॉक्टर कृतिकाही तसंच म्हणाली. मग संचिताने तो स्वतः बघायचा आग्रह धरला नाही.

कृतिका तिची मैत्रीण. दोघी माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं एकाच आयसीयूत होत्या, एक डॉक्टर आणि दुसरी सिस्टर. पुढे कृतिकाने बाळकुममध्येच, संचिताच्या सोसायटीखालच्या गाळ्यात स्वतःचा दवाखाना काढला. संचिताची आई आजारी पडली, पाच वर्षं अंथरुणाला खिळून राहिली आणि गेली, त्या सगळ्या काळात कृतिका घरच्यासारखी येत-जात राहिली. त्याच काळात संचिताला परदेशी एका आरोग्यसंस्थेत काम करायची संधी आली होती. आईसाठी तिने ती सोडली. आता चाळिशी उलटल्यावर पुन्हा तशीच संधी आली. एका संस्थेमार्फत, मलावीतल्या जिल्हा हॉस्पिटलात एक वर्ष स्वयंसेवक म्हणून. तिने विचारायच्या आधीच अण्णा म्हणाले होते, जा.

आदल्या संध्याकाळी ती कृतिकाच्या दवाखान्यात गेली होती. पेशंट संपल्यावर दोघी चहा पीत बसल्या.

"काही झालं तर मला आधी तू सांगायचं," संचिता म्हणाली. "अण्णा लपवणार. शौनक घाबरट आहे, तो अण्णांचंच ऐकणार. तू लपवायचं नाहीस."

"नाही लपवणार," कृतिका म्हणाली.

तेवढ्या शब्दावर संचिता निर्धास्त मनाने विमानात बसली.

हॉस्पिटल लाल मातीच्या एका लहानशा गावात होतं. पुरुषांच्या वॉर्डात खाटा कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे दोन खाटांमध्ये जमिनीवर चटया टाकलेल्या असत. सकाळी राऊंड, मग इंजेक्शनं, ड्रेसिंग, मलेरियाची पोरं. दुपारी हटकून वीज जायची. हातमोजे जपून वापरावे लागत. पेशंटला जेवण हॉस्पिटलकडून मिळत नसे, ते नातेवाइकांनी रांधायचं. मागच्या बाजूला त्यांच्यासाठी एक लांबलचक शेड होती, तिथे दिवसभर तीन दगडांच्या चुली धुमसत आणि बायका मक्याच्या पिठाची घट्ट उकड शिजवत. संचिताला सुरुवातीला ती घशाखाली उतरेना, नंतर आवडायला लागली. भाषा ती हळूहळू शिकली. दुखतंय का, कुठे दुखतंय, श्वास घ्या, घाबरू नका. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कोणाचं ओझं ओढत नाही, आपल्या मर्जीने इथे आहोत, असं तिला वाटत होतं.

नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायचं. ड्यूटी संपली की ती तिथल्या कट्ट्यावर बसून घरी फोन लावायची. अण्णा व्हिडिओ बंदच ठेवायला सांगत. चित्र अडकतं, आवाज तरी नीट येऊ दे, म्हणत. बोलणं थोडकंच असे. जेवलीस का, पाऊस आहे का, डासांची काळजी घे. तपशील सगळे कृतिकाकडून यायचे, व्हॉइस मेसेजवर. अण्णा काल उपवन तलावावर फिरायला गेलेले. पार्किंगवरून सेक्रेटरीशी भांडले आणि जिंकले. माझ्या आईने साखरभात पाठवलेला, सगळा संपवून वर कळवलं की लवंग जास्त झालीये. संचिता ते ऐकत वॉर्डाकडे चालत जायची आणि एकटीच हसायची. कितीदा मागे जाऊन पुन्हा ऐकायची. प्रत्येक मेसेजच्या शेवटी कृतिका म्हणायची, अण्णा मजेत आहेत, तू तुझं काम कर.

तिथल्या पावसाळ्यात, जानेवारीच्या सुमारास, वॉर्डात एक सुतार भरती झाला. त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि तो फार पुढे गेला होता. त्याची बायको एस्नात त्याच्यासाठी शेडमध्ये पेज शिजवायची. तो गिळू शकत नाही हे बघून रोज ती आदल्या दिवशीपेक्षा पातळ करायची. सुताराने डॉक्टरांना बजावलं होतं, की बायकोला सांगायचं नाही. पेशंटची इच्छा ती इच्छा, नियम स्पष्ट होता. एस्नात वाटी घेऊन यायची आणि संचिताला विचारायची, आज बरा आहे ना? संचिता म्हणायची, आज दोन घोट जास्त गेले. ते खोटं नव्हतं. एस्नात कधी कधी तिच्यासाठीही भाजलेलं कणीस आणायची. दोघी शेडच्या दारात बसून खायच्या, आणि संचिता तिला अण्णांच्या गोष्टी सांगायची, साखरभाताची, पार्किंगच्या भांडणाची. सुतार गेला त्या सकाळी एस्नात रडली नाही. संचिताने पुढे केलेल्या हाताकडे तिने बघितलं आणि तो न धरताच आपली भांडी गोळा करायला लागली. संचिताला ते फार लागलं. संध्याकाळी तिने कृतिकाला फोनवर सगळं सांगितलं. कृतिकाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तू काय करणार होतीस, पेशंटने सांगितल्यावर?

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ती अण्णांशी बोलत असताना त्यांच्या आवाजामागून तिला काहीतरी ऐकू आलं. एकसारखी घरघर, आणि ठरावीक अंतराने फुस्स. तिचं बोलणं थांबलं. अण्णा विचारत होते, ऐकू येतंय का गं? ती ऐकत होती. तो ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज होता. नोकरीची सगळी वर्षं तिने तो ऐकला होता, झोपेतही ओळखला असता.

"अण्णा, तिथे कसला आवाज येतोय?"

"टीव्ही लावलाय शौनकने," अण्णा म्हणाले. तेवढं बोलायलाही ते मध्ये थांबले.

तिने फोन ठेवला आणि कृतिकाला लावला. घरी ऑक्सिजन कोणासाठी आणलाय, एवढंच विचारलं.

"ये," कृतिका म्हणाली. "मिळेल त्या फ्लाइटने ये."

विमान बदलायचं होतं त्या अदिस अबाबाच्या विमानतळावर ती रात्रभर खुर्चीत बसून होती. झोप येत नव्हती आणि रडूही येत नव्हतं. जुने मेसेज ती एकेक करून ऐकत होती, आणि प्रत्येक वाक्याशी थांबून हे तरी खरं होतं का, असं स्वतःला विचारत होती.

मुंबईला शौनक घ्यायला आला होता. तो डोंबिवलीला राहायचा, पण गेले दोन महिने अण्णांकडेच होता. फुप्फुसाचा कॅन्सर, त्याने गाडीत सांगितलं. केमो अण्णांनी नको म्हटलं. तुला कळवायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली. मी रोज ठरवायचो की आज सांगू, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की धीर व्हायचा नाही. तू तिथे खूश होतीस गं. तो बोलत होता आणि डोळे पुसत गाडी चालवत होता.

हॉलमध्ये हॉस्पिटलसारखा बेड लावला होता. अण्णा निम्मे झाले होते. तिला दारात बघून त्यांनी आधी शौनककडे रागाने पाहिलं, मग हात पुढे केला. तिने तो धरला आणि सवयीने नाडी बघितली.

पुढचे दिवस तिने त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, कुशी बदलणं, मॉर्फिनच्या वेळा. शौनकला ती कामं सांगायची, कृतिका आली की बेडशेजारची जागा सोडून आत जायची. एका दुपारी शौनक औषधं आणायला गेला होता आणि अण्णांना जरा हुशारी होती. तेव्हा ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तू थांबली असतीस."

"थांबलेच असते."

"म्हणूनच." त्यांनी दोन-तीन श्वास घेतले. "तुझ्या आईच्या वेळी थांबलीस. तेव्हा मी तुला जा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, मला एकट्याने झेपलं नसतं. ह्या वेळी ते करायचं नव्हतं."

"पण ठरवायचं मी होतं ना, अण्णा? त्या वेळीही मीच ठरवलं होतं. तुम्ही मला विचारलंच नाहीत."

अण्णांनी डोळे मिटले. झोप लागली की उत्तर द्यायचं नव्हतं, हे तिला कळलं नाही. पुन्हा तो विषय निघाला नाही. त्याच आठवड्यात पहाटे ते गेले, तिचा हात त्यांच्या छातीवर असताना. वॉर्डात परक्या माणसांशी ती तासन् तास बोलली होती, आणि वडिलांशी मनातलं बोलायला तिच्या वाट्याला एक दुपार आली. तीही भांडणात गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर कृतिका वर आली. शौनकने दोघींना एकटं सोडलं. कृतिका थकलेली दिसत होती. शेवटचे महिने ती दवाखाना बंद करून रोज रात्री अण्णांकडे यायची, पैसे घेणं दूरच, मशीनही तिनेच आणून दिलं होतं, हे शौनकने सांगितलं होतं.

"ते माझे पेशंट होते," कृतिका म्हणाली. "त्यांनी सांगू नकोस म्हटलं. तुला माहितीये मी काय करू शकत होते आणि काय नाही. तूसुद्धा त्या सुताराच्या बायकोला सांगितलं नाहीस."

संचिताला एस्नातची आठवण वाटेत अदिसलाच आली होती. त्या दिवसापासून ती स्वतःशी हेच बोलत होती. त्याने राग कमी झाला नव्हता.

"नुसतं सांगितलं नसतंस तर मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "मला फोन केला नसतास, मेसेज केला नसतास, तरी मी समजून घेतलं असतं. पण तू रचून सांगितलंस. उपवनला कोण गेलं होतं, कृतिका?"

"कोणी नाही," कृतिका म्हणाली.

"साखरभात?"

"आईने पाठवलेला. त्यांना जाईना. वासानेच..." ती थांबली. "तू सारखी विचारायचीस गं. नुसतं बरे आहेत म्हटलं असतं तर तुला संशय आला असता. म्हणून मग काहीतरी सांगायचे. नंतर त्यांनाही आवडायला लागलं. आज संचिताला काय सांगायचं, असं ते मला विचारायचे. पार्किंगचं भांडण त्यांनीच सुचवलेलं."

दोघांनी मिळून ते रचलं होतं. अण्णांचे शेवटचे महिने कृतिकाच्या वाट्याला आले होते, त्यातलं हसणंसुद्धा. संचिताला हे अगदीच अनपेक्षित होतं. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"तो एक्स-रे," ती म्हणाली. "मी जायच्या आधीचा. तो तू पाहिला होतास?"

"हो."

"त्यात दिसत होतं?"

"हो."

"म्हणजे लपवणार नाही म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं."

कृतिका रडायला लागली. संचिताने तिला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात मात्र फिरवला नाही. पूर्वी तो आपोआप फिरला असता. थोड्या वेळाने कृतिकाने विचारलं, की आता पुन्हा पूर्वीसारखं होईल का. संचिता म्हणाली, "माहीत नाही." दारापर्यंत ती तिच्याबरोबर गेली आणि लिफ्ट येईपर्यंत थांबली.

शौनकवर ती फार दिवस रागावू शकली नाही. तो लहानपणापासून असाच होता, आणि त्याने तिला कधी शब्द दिला नव्हता. बाळकुमचं घर त्याच्याकडे सोपवून ती जूनमध्ये मलावीला परत गेली, राहिलेले महिने पुरे करायला. संस्थेने परत न येण्याची सवलत देऊ केली होती, पण घरी त्या हॉलमध्ये बसून राहण्यापेक्षा ते बरं होतं. वॉर्ड तसाच होता. चटया तशाच, शेडमधला धूर तसाच. कोणाच्या नातेवाइकाने माणूस बरा होईल का असं विचारलं, तर आता ती म्हणायची, ते पेशंटलाच विचारा. लोकांना ते आवडत नसे. काही जण घाबरून तिच्या तोंडाकडे बघत राहत आणि दुसऱ्या सिस्टरला जाऊन विचारत. दुसरी सिस्टर सांगायची, होईल, देव आहे. ते हसतमुखाने चुलीकडे जात.

कृतिकाचे मेसेज येत राहिले. आता ते लिहिलेले असत, आवाजातले नसत. सोसायटीत टँकर येतोय. दवाखान्यात डेंग्यूचे पेशंट वाढलेत. माजिवड्याला पुन्हा रस्ता खणलाय, दोन किलोमीटरला तासभर लागतो. संचिता टाकीपाशी बसून सगळे वाचायची. उत्तर कधी द्यायची, कधी नाही.

एका रविवारी शौनकशी बोलताना तिने मध्येच विचारलं, "माजिवड्याचा रस्ता खरंच खणलाय का रे?"

"हो, म्हणजे काय. ऑफिसला जाताना रोज अडकतो मी तिथे," तो म्हणाला. "का गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि त्याला मुलांचं विचारू लागली. रस्त्यासारखी साधी गोष्टही आपल्याला दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी लागली, याचं तिला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, की तो मुलांबद्दल काय सांगत होता ते तिच्या लक्षातच आलं नाही.