नानांच्या गाडीवरचे रंगाचे हात

शकुन कलकत्त्यातल्या बेहाल्यात जन्मली, बेहाल्यात वाढली. तिला मराठी येत होतं, पण ते तिथल्या हवेत चांगलं मुरलेलं. लग्न होऊन महिना झाला नसेल, नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी घरी आली आणि ती सहज म्हणून गेली, "बसा, आधी पाणी खा." बंगाली माणूस पाणी खातोच, त्यात तिचा काय दोष? पण तिचे यजमान दिगंबर खांबेटे पडले पुण्याचे. त्यांनी ते वाक्य तिच्याकडून पाहुण्यांसमोर पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीपर्यंत तिचं नावच पडलं, पाणी खाणारी.

दिगंबररावांचं खरं दुखणं वेगळंच होतं. सरकारी हिशेबखात्यातून बदली होऊन ते कलकत्त्याला आले, शकुनशी लग्न झालं आणि सासऱ्यांच्याच घरात राहू लागले. कोणी "घरजावई" म्हटलं नाही, तरी त्यांना ट्रामच्या घंटीतसुद्धा तो शब्द ऐकू येई. सासरे चारुदत्त मास्तर, म्हणजे नाना, वारले तेव्हा मागे तीन वस्तू उरल्या: घर, शकुन आणि अंगणात कडुनिंबाखाली उभी असलेली जुनी ऑस्टिन. पहिल्या दोन दिगंबररावांच्या कामाच्या नव्हत्या. तिसरीवर त्यांचा डोळा गेला. पुण्याची बदली ज्यांच्या सहीने व्हायची, ते अलीपूरचे मोठे साहेब पैशाला हात लावत नसत, दारूला शिवत नसत, पण जुनी मोटार दिसली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटे.

"गाडी दुरुस्त करायची आणि साहेबांना भेट द्यायची," दिगंबररावांनी जाहीर केलं.

"अहो, नानांची आहे ती."

"नानांना आता कुठे जायचंय?"

याच गाडीत नानांनी शकुनला चालवायला शिकवलं होतं. सीटच्या कातड्याला अजून त्यांच्या तपकिरीचा वास होता. दुपारी सगळं आवरलं की ती दार ओढून आत बसे, मुडी, म्हणजे कुरमुरे, खाई, आणि तेवढा वेळ तिच्या मराठीत कोणी चुका काढत नसे. गाडी गेली की तिला जगात बसायला जागा उरणार नव्हती.

हावड्याहून निताई मिस्त्री आला. रोजावर काम. निताई गाडीखाली शिरला की काम करतोय की झोपलाय हे फक्त त्याच्या पायाच्या अंगठ्यांवरून कळे. हलले तर काम. पहिल्याच दिवशी शकुन त्याचं बोलणं मराठीत सांगायला पुढे झाली, तर दिगंबररावांनी हात वर केला.

"तू मध्ये पडू नकोस. बंगाली म्हणजे संस्कृतच, तोंडात पान धरून बोललेलं. तुझं मराठीच मला उलगडून घ्यावं लागतं, तू बंगाली काय उलगडणार?"

ती आत गेली.

इंजिन जागं झालं, चाकं फिरली, मग रंग आला. गर्द हिरवा. एक हात देऊन निताईने फडक्याला हात पुसले. "रंगेर काज शेष, बाबू."

आता पाहा. मराठीत शेष म्हणजे उरलेलं. बंगालीत शेष म्हणजे संपलं. दिगंबररावांनी आपल्या संस्कृतावर भरवसा ठेवला आणि म्हणाले, "शेष? मग लाव की आणखी."

निताईला काय, रोज मिळतोय. त्याने दुसरा हात दिला. "शेष, बाबू." "अजून शेष?" तिसरा दिला. आश्विन गेला, कार्तिक गेला, रंग चढतच राहिला. गाडीची दारं लागेनाशी झाली. बॉनेटच्या कडा बुजून त्याची उशी झाली. शेजारच्या मुखर्ज्यांचं मांजर त्यावर झोपलं ते हिरवी शेपूट घेऊनच उठलं. पाड्यातले, म्हणजे आळीतले, लोक येताजाता विचारत, गाडीला सूज कशाने आली?

शकुनच्या एका शब्दाने हे थांबलं असतं. तिने तो शब्द गिळून ठेवला. रंग संपत नव्हता तोवर गाडी अंगणात होती.

घोटाळा फुटला तो मंडळाच्या संक्रांतीला. श्यामराव म्हणून तीन पिढ्यांचे कलकत्तेकर. मिस्त्री रोज शेषच सांगतो, ही दिगंबररावांची तक्रार ऐकता ऐकता त्यांना तिळगुळाचा ठसका लागला. "अहो खांबेटे, तो कधीपासून काम झालं म्हणून सांगतोय तुम्हाला. आणि घरात बेहाल्याची बायको असून ही तऱ्हा?" सगळी सभा हसली. दिगंबररावही हसले. हसत हसत घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शकुनच्या हातात पत्र्याची पट्टी दिली. "तुझ्या तोंड शिवण्याने चढलाय, तुझ्या हाताने उतरव." निताई मदतीला उठला, त्याला खाली बसवलं. ती भर उन्हात रंग खरवडत राहिली, बोटांची सालं निघेपर्यंत, आणि दिगंबरराव ओसरीवरून "तिकडे राहिलंय" म्हणून दाखवत राहिले. वरचे थर निघून दारं लागू लागली, तेव्हा त्यांनी सीट उचकटली. नवं रेक्झिन आणलं. नानांचं कातडं आणि काथ्या बंबात घातला, आणि त्या पाण्याने आंघोळ करून बाहेर आले.

"चांगलं तापलं होतं," ते म्हणाले.

शकुनने बंबातली राख काढली.

साहेबांकडे जायच्या सकाळी दिगंबरराव कोट-टाय घालून उतरले. निताई गाडीखालून निघाला तो तुटकी केबल हातात धरूनच. "ब्रेक एकेबारे शेष, बाबू."

ब्रेक साफ गेला, असं तो म्हणत होता. बंगालीत झालेलं कामही शेष आणि मेलेला माणूसही शेष. पण दिगंबररावांना एकच अर्थ शिकवला गेला होता, आणि तो सगळ्या सभेने हसून शिकवला होता.

"शेष," ते खूश होऊन म्हणाले. "एकेबारे शेष. म्हणजे पूर्ण झाला. काय गं पाणी खाणारे, बरोबर ना?"

शकुनने केबल पाहिली. मग नवऱ्याचा टाय सरळ केला. "तुम्हाला येतं की आता बंगाली. मी काय उलगडणार?"

निताईने घाबरून तिला बंगालीत विचारलं, बाबू असेच निघाले की काय? "बाबू सब जानेन," ती म्हणाली. बाबूंना सगळं ठाऊक आहे.

माझेरहाटच्या पुलावर गाडी डौलात चढली. उतरताना मात्र ती दिगंबररावांची राहिली नाही. पुढचं लोक अजून सांगतात: तिने ट्रामला मागे टाकलं, केळ्यांची हातगाडी केळ्यांशिवाय पुढे पाठवली, आणि साहेबांच्या फाटकातून अशी शिरली की गाडीसाठी हार घेऊन उभे असलेले साहेब हारासकट डेलियांच्या वाफ्यात गेले. बागेतल्या अशोकाच्या झाडाने तिला अडवलं. साहेबांचा पाय मोडला, दिगंबररावांची कंबर. पुण्याच्या बदलीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

गाडी बैलगाडीवरून घरी आली, दिगंबरराव रुग्णवाहिकेतून. डॉक्टर म्हणाले, रोज धरून उभं केलं, हळूहळू चालवलं, तर वर्षभरात चालतील. शकुनने मान हलवली.

त्यांची खुर्ची ती रोज सकाळी अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत ठेवते आणि पदर खोचून निताईबरोबर गाडीखाली शिरते. दुपारी सावली सरकते. ऊन आधी दिगंबररावांच्या पायांवर येतं, मग मांडीवर, मग तोंडावर.

"अगं, खुर्ची हलव. डोळे उघडत नाहीत."

"दिदिमणि, बाबू हाक मारतायत," निताई त्याच्या भाषेत म्हणतो.

"हे चाक बसू दे आधी," ती त्याच भाषेत सांगते आणि पान्यासाठी हात पुढे करते.